भिंत वर चढवाल, पण शाफ्टचं काय?

संपादक साहेब,

हायवेच्या साउंड वॉलबद्दल तुमच्या पेपरात आलेलं पत्र वाचलं, आवाज अजून येतोच तर वरती अजून एक मीटरचे पॅनल चढवा, त्यात काय एवढं, असं म्हणणं होतं. आवाजाच्या हिशोबाने मागणी बरोबरच आहे, भिंतीने गाडी नजरेआड केली की साधारण ५ डेसिबल कमी होतात आणि पुढे दर मीटरला दीडेक डेसिबल. पण मी पायलिंगमधला (जमिनीत काँक्रीटचे खांब उतरवायच्या कामातला) माणूस, माझी नजर आधी खाली जाते.

लोकांना वाटतं फाउंडेशन वजन पेलायला असतं. इथे वजनाचं फारसं काही नाही, सगळा खेळ वाऱ्याचा. समजा भिंत ४ मीटर उंच, पोस्ट ४-४ मीटरवर, आणि वारा धरला चौरस मीटरला १०० किलो, तर एका पोस्टवर १.६ टनाचा आडवा धक्का येतो आणि तो लागतो अर्ध्या उंचीवर, म्हणजे मोमेंट (पोस्टला पायथ्याशी उलथवणारा जोर, धक्का गुणिले त्याची उंची) ३.२ टन-मीटर. उंची ५ मीटर केली की धक्का २ टन, त्याची उंची अडीच मीटर, मोमेंट थेट ५. उंची वाढली पाव पट, मोमेंट दीडपटीच्या वर!

आणि हे सगळं धरून ठेवते ती शाफ्टभोवतीची, म्हणजे पोस्टखाली जमिनीत उतरवलेल्या गोल काँक्रीटच्या खांबाभोवतीची माती. माती आडवा धक्का किती पेलेल हे काढायची ब्रॉम्स नावाच्या इंजिनीअरची १९६४ ची पद्धत आहे, हाताने करता येते. मध्यम वाळूत ६०० एमएमचा शाफ्ट दीड मीटर खोल घेतला तर वरच्या ४ मीटरच्या भिंतीला तो जेमतेम सुद्धा पुरत नाही, २ मीटर घेतला की ताकद दुप्पट. फक्त अर्ध्या मीटरचा फरक, बघा! आता याच २ मीटरच्या शाफ्टवर तुमचा एक मीटर चढवा, जो सेफ्टी फॅक्टर (ताकद धक्क्याच्या किती पट) २ होता तो दीडच्या खाली आला, त्यात भूजल वर आलं तर वाळूचा जोर निम्म्यावर, मग उरलं काय. चिकण मातीत तर वरची शाफ्टच्या दीड व्यासाइतकी माती, म्हणजे इथे ९०० एमएम, हिशोबात धरतच नाहीत. आणि भिंत भरावाच्या कडेला असेल तर समोर माती उतरती, तिथे आधार अजून कमी.

एका साइटवर (नाव नको) भिंत उभी राहिल्यावर कोणीतरी पायथ्याशी गटारासाठी चर खणला, शाफ्टपासून हातभर अंतरावर. पाऊस झाला, मी ओळंबा सोडला तर पोस्ट चांगलाच बाहेर गेलेला, मागच्या बाजूला काँक्रीट आणि माती यांच्यात माझं बोट आत जात होतं, त्यात पाणी साचलेलं. शाफ्टला एक भेग नव्हती हो, समोरची मातीच काढून नेली होती.

म्हणून उंची वाढवायची मागणी करताना लोकांनी तीन कागद पण मागावेत, सॉइल रिपोर्ट, प्रत्येक बोअर (शाफ्टसाठी पाडलेलं भोक) खरंच किती खोल गेला त्याची नोंद आणि नवीन उंचीचं कॅल्क्युलेशन. बोअरची नोंद सापडत नसेल तर जुन्या भिंतीला हात लावू नका, मागे नवीन शाफ्ट घेऊन वेगळी उंच भिंत बांधा. खर्च जास्त येईल, येऊ दे.

– पायलिंग साइटवरचा एक वाचक