लिनक्स नको तर नको, पण फाइल उघडेल अशी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘विंडोज १०’ला मोफत सुरक्षा-अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तेव्हापासून आमच्या दुकानात आठवड्याला दोन-तीन जण तरी जुना लॅपटॉप काखेत मारून येतात आणि विचारतात, “हा आता भंगारातच का?” याच सदरात एका वाचकाने त्यावर लिहिले होते की, लिनक्स (विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली) फुकट असले तरी ते इंजिनिअर लोकांचे काम, सामान्य माणसाने त्या वाटेला जाऊ नये. त्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, त्या जरा वाढल्या आहेत. सांभाळून घ्यावे.

मी तासगावात गेली वीस वर्षे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो. इंजिनिअर नाही, बी.कॉम.चे दुसरे वर्षही पुरे केलेले नाही. दुकानात तीन संगणक आहेत. दोन लिनक्सवर चालतात, तिसरा विंडोजवर. तिसरा का ठेवला आहे तेही सांगतो, कारण लिनक्सचे भक्त नेमके तेवढेच सांगायचे टाळतात.

२००८ साली मला उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, सीडी पोस्टाने घरपोच आली होती. तेव्हा इंटरनेटवर पत्ता भरला की परदेशातून सीडी फुकट येत असे. २०११ साली ती सोय बंद झाली. पोस्टमनने पाकीट हातात देताना विचारले, “नोकरीचं काय आलंय का?” ती सीडी घालून पाहिली, आवाज येईना, इंटरनेट लागेना, आणि पंधरा दिवसांत मी पुन्हा विंडोज टाकून मोकळा झालो. म्हणजे त्या वाचकाचे म्हणणे २००८ साली खरे होते. आज माझ्याकडे जे लॅपटॉप येतात, त्यांत लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाकला की वाय-फाय, आवाज, कॅमेरा बहुतेक वेळा आपसूक चालतात. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६-१७ सालचे चांगले धडधाकट लॅपटॉप केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून बाद ठरतात. त्यांत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवायची, मिंट टाकायचे, आणि मालकाला वापरायला द्यायचे. मिंटच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. घरच्या संगणकावर माणूस करतो काय? वीजबिल, सातबारा, यूट्यूब, मुलांचे निकाल. सगळे ब्राउझरमध्येच.

एक निवृत्त मुख्याध्यापक असाच लॅपटॉप घेऊन आले होते. आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ते टाइप करून ठेवत आहेत. मी मिंट टाकून दिले, वर्डसारखे काम करणारे फुकटचे लिबर ऑफिस उघडून दिले, मराठी टाइप करायची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी लावून दिली. चार दिवसांनी गुरुजी परत आले. म्हणाले, “सगळं छान आहे, पण हा ल माझा नाही.” मला आधी कळेचना. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवले. ‘लेक’ या शब्दातला ल हिंदी पुस्तकात असतो तसा दंडाचा होता, आणि ‘शेत’मधला श सुद्धा हिंदी वळणाचा. आपण शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतो. कारण साधे निघाले: लिबर ऑफिसच्या सेटिंगमध्ये मजकुराची भाषा ‘हिंदी’ राहून गेली होती. ती ‘मराठी’ केली, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय केलेली आहे असा फॉन्ट निवडला. पानावरचे सगळे ल आणि श एका क्षणात मराठी झाले. गुरुजी म्हणाले, “अरे, म्हणजे याला माहीत होतं की!” तो फॉन्ट बनवणाऱ्या कुणीतरी मराठी अक्षराचे वळण वेगळे असते याची दखल घेऊन ठेवली होती, आणि तो फॉन्ट वाटून टाकला होता. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फॉन्टही असाच मुक्त परवान्याचा, कुणीही फुकट वापरावा असा.

जाता जाता टाइप करणाऱ्यांसाठी एक: ‘पुऱ्या’ लिहायला ‘र्या’ करून समाधान मानू नका. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी ‘J’च्या कळीवर शिफ्टसह ऱ आहे. ऱ, मग हलन्त, मग य. झाले.

आता तिसरा संगणक. लग्नपत्रिकांची माझी जुनी सगळी डिझाइन्स कोरल ड्रॉमध्ये आहेत आणि कोरल लिनक्ससाठी येत नाही. नवीन पत्रिका मी इंकस्केप या तशाच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, पण गिऱ्हाईक म्हणते, “थोरल्याच्या लग्नात होती तशीच द्या,” तेव्हा विंडोजसमोर बसावेच लागते. टॅलीचेही तेच. डिजिटल सहीचा डोंगल लिनक्सवर चालवायला एक अख्खा रविवार घालवला, शेवटी नाद सोडला. एका स्वस्त प्रिंटरला ड्रायव्हरच नव्हता. अशा वेळी इंटरनेटवर मदत मागितली की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक जण रात्री एक वाजता पैही न घेता ओळीओळीने समजावतो. दुसरा ‘आधी माहितीपुस्तिका वाचा’ म्हणून झिडकारतो. हा दुसरा बाबा लिनक्सचे जेवढे नुकसान करतो तेवढे कुठल्याही कंपनीने केले नसेल. आणि हो, मराठी मेनू. भाषांतर करणाऱ्यांच्या कष्टांविषयी आदर आहे, पण ‘जतन करा’ आमच्या दुकानात कुणी म्हणत नाही, ‘सेव्ह मार’ म्हणतात. मजकूर मराठी आणि मेनू इंग्रजी, असेच आमचे चालते.

पण खरी अडचण यांपैकी कशातच नाही. आमच्याकडच्या एका कार्यालयातून अर्जाचा नमुना पेनड्राइव्हवर मिळतो. तो माझ्या लिनक्सवर उघडला की समोर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची भेळ. गिऱ्हाईक लगेच म्हणते, “बघा, तुमच्या लिनक्सवर मराठी दिसत नाही.” मग मी तीच फाइल त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवतो. तिथेही भेळच. तो फॉन्ट ज्या विंडोजवर नाही, तिथेही भेळच. हा जुन्या काळचा, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आधीचा फॉन्ट. त्यात मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे संगणक त्या मजकुराला इंग्रजीच समजतो. त्यात नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही, आणि अंध व्यक्तीच्या संगणकाने तो वाचून दाखवला तर नुसती बडबड ऐकू येते. १९९०च्या दशकात दुसरा पर्याय नव्हता, तेव्हा त्यानेच आम्हा डीटीपीवाल्यांची चूल पेटली, हे मी विसरलेलो नाही. पण आज २०-२५ पानांचे इतिवृत्त त्यात करून ठेवणे म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली त्याच कपाटात ठेवण्यासारखे आहे.

केंद्र सरकारने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे (फाइल एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडू नये असे) धोरण २०१० साली आणि लिनक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण २०१५ साली जाहीर केले. केरळात सरकारी शाळांमधली मुले कित्येक वर्षे लिनक्सवर संगणक शिकत आहेत. तिथे पाठ्यपुस्तकही त्याच सॉफ्टवेअरला धरून असते, शिक्षकांना प्रशिक्षणही त्याचेच, म्हणून ते टिकले. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ साली परत विंडोजकडे जायचे ठरवले. तेव्हा सरकारने सगळीकडे लिनक्स टाकावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कार्यालयात विंडोज असू द्या. मागणी एवढीच आहे: जनतेला द्यायचा प्रत्येक मराठी कागद युनिकोडमध्ये असावा, भरायचा नमुना ओडीटी या खुल्या प्रकारच्या फाइलमध्येही मिळावा, आणि ‘अमुकच सॉफ्टवेअरमध्ये करून आणा’ असे कुणाला सांगू नये. याला पैसे लागत नाहीत. युनिकोड त्या कार्यालयातल्या विंडोजमध्येही आहेच, फक्त कीबोर्ड चालू करायचा आहे. टंकलेखन करणाऱ्या ताईंना पहिले आठ दिवस जड जाईल. आमच्याकडे आल्या तर चहा पाजून शिकवीन.

लॅपटॉप भंगारात घालायला निघालेल्यांसाठी शेवटचे. दुकानात मी मिंटचा पेनड्राइव्ह तयार ठेवला आहे. तो लावून, आतल्या विंडोजला हात न लावता, लिनक्स तासभर चालवून पाहता येते. आपला प्रिंटर आणि डोंगलही सोबत आणा, तिथल्या तिथे कळेल. पटले तरच टाकू. फक्त येण्याआधी मुलाबाळांचे फोटो दुसरीकडे काढून ठेवा. गेल्या महिन्यात एक गृहस्थ बारशाचे फोटो तसेच ठेवून “फॉरमॅट मारा” म्हणून निघून गेले होते. बरे की मी आधी फोल्डर उघडून पाहिले.

आपला,
एक डीटीपीवाला,
तासगाव, जि. सांगली