केसीनला ‘विकारग्रस्त’ म्हणणार का?

महोदय,

ज्या प्रथिनांना ठरलेली घडी, म्हणजे पक्का त्रिमितीय आकार, नसते, त्यांना इंग्रजीत ‘इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड’ म्हणतात. मराठीत लिहिताना ‘डिसऑर्डर’ दिसला की हात आपसूक ‘विकार’कडे जातो आणि ‘विकारग्रस्त प्रथिने’ जन्माला येतात. प्रत्यक्षात बिघडलेले काही नसते. दुधातले केसीन याच वर्गातले. अंड्यातला पांढरा भाग तापवला की गोठतो, कारण त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटतात. केसीनकडे मोडण्याजोगी पक्की घडीच नाही. म्हणून ताजे दूध उकळूनही फाटत नाही. लिंबू पिळले की फाटते, ते केसीनवरचा ऋण विद्युतभार घटून त्याचे कण एकमेकांना चिकटतात म्हणून.

‘उलगडलेले’ हा शब्दही फसवाच. उलगडले म्हणजे आधी घडीत होते! ही अडचण इंग्रजीतही होती. 1993 मध्ये केसीनला ‘रिओमॉर्फिक’ (प्रवाही आकाराचे), 1994 मध्ये मेंदूतल्या टाऊ या प्रथिनाला ‘नेटिव्हली अनफोल्डेड’ (मुळातच उलगडलेले), अशी नावे साचत गेली. 2013 मध्ये या प्रथिनांचे अभ्यासक डंकर व सहकाऱ्यांनी ‘डिसऑर्डर्ड’चा पुरस्कार केला. मराठीत ‘अनियतरचना प्रथिन’ चालावे.

पण नुसत्या नावाने भागत नाही, कोणता भाग तेही लिहायला हवे. पी53 या कर्करोगाला आळा घालणाऱ्या प्रथिनात 393 अमिनो आम्ले. त्यातला साधारण 102 ते 292 हा डीएनए धरणारा तुकडा नीट घडीचा, तर सुरुवातीची साठेक आणि शेवटची तीसेक मोकळी. अख्ख्या पी53 वर एकच शिक्का मारला तर चूकच. डिसप्रॉट या माहितीसंचात म्हणूनच प्रत्येक भागाचे क्रमांक आणि पुरावा देणारा प्रयोग नोंदवतात.

प्रयोगशाळेतही फसगत होते. चेतापेशींतल्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे वजन साडेचौदा किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचे एकक), पण जेल फिल्ट्रेशनच्या, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या, स्तंभातून ते सत्तावन्नच्या आसपास असल्यासारखे बाहेर पडते. चार रेणू जुळले असे वाटते. खरे तर एकच सैल साखळी जास्त जागा व्यापते.

आणि प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीच्या चित्रांविषयी. नारिंगी, म्हणजे 50 हून कमी विश्वासांकाचा धागा बहुधा अनियतरचनेची खूण असते; दिसतो तो वळसा ही त्याची रचना नव्हे. उलट अल्फा-सिन्यूक्लिन तिथे लांब सर्पिलात दिसते, ते रूप पेशीतल्या मेदाच्या पातळ पडद्याला (मेदपटलाला) चिकटल्यावरचे. पाण्यात मोकळे असताना ते तसे नसते. असे चित्र छापताना खाली एवढी एक ओळ द्यावी.

– जीवरसायनशास्त्राचे एक शिक्षक, पुणे