कात्रीची धार कोणाच्या जबाबदारीवर?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बडोद्यातील रुग्णालयांत नवी शस्त्रक्रियागृहे सुरू झाल्याच्या, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची महागडी यंत्रे आल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि त्या वाचून समाधानही वाटते. मात्र याच शहरातील वेगवेगळ्या रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर एक गोष्ट मनाला सतत खटकत राहिली आहे आणि तिच्याविषयी कोणी लिहिताना दिसत नाही, म्हणून हे पत्र. मोठ्या यंत्राला देखभालीचा करार असतो, कंपनीचा माणूस ठरलेल्या महिन्यात येऊन ते तपासून सही करून जातो. परंतु सर्जनच्या प्रत्यक्ष हातात असणारी कात्री, चिमटे, आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी दाबून धरणारा, लॉक असलेला चिमटा), निडल होल्डर (शिवताना सुई पकडणारे हत्यार) ही हत्यारे एकदा खरेदी झाली की मोडेपर्यंत त्यांच्याकडे पाहणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते.

एका रात्रीचा प्रसंग सांगते. सिझेरियन चालू होते, बाळ सुखरूप बाहेर आले होते आणि गर्भाशय शिवताना डॉक्टरबाईंच्या निडल होल्डरमध्ये सुई फिरू लागली. त्यांनी ती दोनदा पुन्हा पकडली. तिसऱ्यांदा ती आडवी झाली तेव्हा त्यांनी होल्डर बाजूला ठेवून दुसरा मागितला. सेटमध्ये दुसरा होता म्हणून निभावले. सकाळी ड्यूटी संपण्यापूर्वी मी तो होल्डर खिडकीशी उजेडात धरून पाहिला, तर जबड्यावरची बारीक जाळी मधोमध पूर्ण घासून गुळगुळीत झाली होती. त्याला चिकटपट्टी लावली आणि चिठ्ठीसह स्टोअरमध्ये पाठवला. आठ दिवसांनी पट्टी काढून, स्वच्छ धुऊन, तो पुन्हा त्याच सेटमध्ये आला, कारण रजिस्टरमध्ये सेटचे नग पूर्ण दाखवायचे होते आणि बदली मागायची तर हत्यार मोडलेले असावे लागत होते. ‘झिजले’ असे लिहिण्यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नव्हता. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्या ज्या ठिकाणी काम केले तेथेही नोंदीची पद्धत हीच होती.

दुरुस्ती करायची ठरली तरी ती कोणाकडून, हा प्रश्न उरतोच. एका ठिकाणी रुग्णालयाच्या मागच्या दाराशी येणाऱ्या सराणियाकडून, म्हणजे घरोघरी सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्या कारागिराकडून, दहा-बारा कात्र्या घासून घेतल्या गेल्या. त्या गरीब माणसाचा काहीच दोष नव्हता. त्याने भाजीच्या सुरीला लावतो तशी धार लावली. परंतु कोरड्या चाकावर पाते इतके तापले की टोकाकडे निळसर झाक आली आणि पोलादाचे पाणी उतरले. शिवाय त्याने पात्यांची आतली बाजूही सपाट केली. कात्रीची दोन पाती एकमेकांकडे किंचित वाकलेली असतात. ती मिटताना बिजागरीपासून टोकापर्यंत एका वेळी एकाच बिंदूवर भेटत जातात आणि त्या भेटीतच कापणे घडते. ती वाकण गेली की धार कितीही चकचकीत दिसली तरी ऊतक पात्यांमध्ये दुमडून चेंगरते. चेंगरलेली कड नीट भरून येत नाही आणि त्याचा त्रास त्या खोलीत भूल दिलेल्या अवस्थेत झोपलेल्या माणसाला होतो, ज्याला यातले काहीच कळत नाही.

हत्यारे वापराने झिजतात त्याहून अधिक ती चुकीच्या हाताळणीने खराब होतात, असे माझे ठाम मत आहे. चांगल्या प्रतीच्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. धार टिकावी म्हणून कात्र्यांसाठी मात्र कर्ब अधिक असलेले, तापवून कठीण केलेले पोलाद वापरतात आणि त्यात क्रोमियम सुमारे १३ टक्के असते. त्यामुळे ‘स्टील आहे, गंजत नाही’ हा समज तेथे लागू पडत नाही. पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर असतो तोच त्याचे रक्षण करतो, आणि मीठ त्या थराचे वैरी आहे. रक्तात मीठ असते, सलाइनमध्ये असते, जमिनीसाठी आणलेल्या ब्लीचिंगच्या पाण्यात तर क्लोरीनच असते. तरीही शस्त्रक्रिया संपल्यावर हत्यारे सलाइनच्या वाडग्यात बुडवून ठेवलेली किंवा जंतू मरावेत या भावनेने हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक द्रावणात, रात्रभर टाकलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. सकाळी त्यांच्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि अशा खड्ड्यात अडकलेले रक्त कोणत्याही ब्रशने निघत नाही.

गरम पाण्याचेही तसेच. रक्त लागलेले हत्यार आधी गरम पाण्यात घातले तर त्यातील प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठून चिकटतात. पहिले धुणे थंड पाण्याचेच असले पाहिजे, तेही रक्त वाळण्याच्या आत. मग एन्झाइमच्या, म्हणजे रक्तातील प्रथिने सुटी करणाऱ्या, द्रावणात भिजवणे, बिजागऱ्या उघडून मऊ ब्रशने घासणे आणि पूर्ण कोरडे करणे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवताना आर्टरीचे लॉक उघडे असावे. ते पूर्ण बंद ठेवले तर वाफ जबड्यांच्या मध्ये पोहोचत नाही, आणि १२१ किंवा १३४ अंशांच्या उष्णतेत धातू प्रसरण पावताना सगळा ताण बिजागरीवर येऊन तेथे केसाएवढी चीर पडते. बिजागरी जड झाली म्हणून शिवणयंत्राचे तेल घालण्याची सवय तर ताबडतोब थांबली पाहिजे, कारण त्या तेलाखाली वाफ जात नाही. यासाठी पाण्यात मिसळणारे, वाफ आत जाऊ देणारे वेगळे वंगण मिळते.

हे सगळे तपासायला फार मोठी साधने लागत नाहीत. मोठी कात्री गॉजचे चार थर थेट टोकाने, न ओढता कापते का हे पाहावे. नाजूक कात्रीसाठी दोन थर पुरेत. आर्टरीचे लॉक पहिल्या दातावर लावून मूठ तळहातावर हलकेच आपटावी. ती उघडली तर रक्तवाहिनीवरही तशीच उघडेल. निडल होल्डरमध्ये सुई धरून दुसऱ्या दातापर्यंत लॉक करावे आणि सुई बोटांनी फिरते का पाहावे. तपकिरी डाग दिसला तर पेन्सिलीच्या रबराने घासावा. डाग निघून खाली गुळगुळीत धातू दिसला तर तो पाण्यातील क्षारांचा आहे, खड्डा दिसला तर तो गंज आहे आणि ते हत्यार सेटमधून बाहेर काढावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या लांब हत्यारांना मात्र डोळ्यांनी तपासणे पुरत नाही. त्यांच्या दांड्यावरील विद्युतरोधक आवरणाला न दिसणारे छिद्र पडले तर विजेचा प्रवाह तेथून निसटून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आतड्याला भाजू शकतो. ते छिद्र शोधणारे छोटे यंत्र मिळते, आणि लाखोंचा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाकडे ते असलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हत्यारांचे दोष ओळखणे हा शल्यविद्येचाच भाग आहे, ही समज आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत, वाकडे, बोथट, तुटके, खरबरीत धारेचे असे; धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे, आणि शस्त्र तयार झाले की नाही याची कसोटी म्हणून ते केस कापते का हे पाहण्यास सांगितले आहे. आज शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला कात्री कशी धरावी हे शिकवतात. तिची धार कशी तपासावी हे त्याला बहुधा एखाद्या जुन्या सिस्टरकडूनच कळते.

बडोद्याने या कामात मागे राहावे याला तर काहीच कारण नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली प्रा. त्रि. क. गज्जर यांच्या हाती सोपवून येथे कलाभवन सुरू केले ते हाताच्या कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच, आणि त्यातूनच पुढे आपल्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा उभी राहिली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत धातूवर अतिशय बारीक काम करणारे कुशल हात आहेत. अशा कारागिरांना आणि आयटीआयच्या मुलांना पाण्याच्या धारेखाली, न तापवता धार लावणे, वाकलेली टोके जुळवणे, लॉकचे दात नीट करणे, निडल होल्डरच्या जबड्यातील कार्बाइडच्या (अतिशय कठीण पदार्थाच्या) झिजलेल्या पट्ट्या बदलणे आणि शेवटी आम्लाच्या द्रावणातून काढून तो रक्षक थर पुन्हा बसवणे, एवढे शिकवणारा छोटा अभ्यासक्रम विद्यापीठाने व वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून का सुरू करू नये? लहान नर्सिंग होमला असा माणूस स्वतंत्रपणे नेमणे परवडणार नाही हे मला माहीत आहे. पण दहा-पंधरा नर्सिंग होमनी मिळून महिन्यातून एक दिवस त्याला बोलावणे अवघड नाही. सेट फिरते राहतील इतके नग मात्र जास्तीचे घ्यावे लागतील, नाहीतर दुरुस्तीला गेलेल्या कात्रीच्या जागी पुन्हा तीच बोथट कात्री येईल.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनाकडे माझी मागणी त्याहूनही साधी आहे. प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हत्यारांच्या तपासणीसाठी एका सिस्टरचे किंवा तंत्रज्ञाचे नाव लिहून द्यावे, त्यांना त्यासाठी आठवड्यातले दोन तास वेगळे द्यावेत, हत्यार बाजूला काढण्याचा अधिकार द्यावा आणि रजिस्टरात ‘झिजले, दुरुस्तीस पाठवले, परत आले’ असे रकाने आखावेत. नग कमी दिसतो म्हणून त्यांना कोणी जाब विचारू नये. खंडेनवमीला आपण सगळे ऑटोक्लेव्हला झेंडूची माळ घालतो आणि ट्रेवर हळदकुंकू वाहतो. निदान त्या दिवशी तरी पूजेपूर्वी प्रत्येक सेट उघडून, एकेक हत्यार हातात घेऊन पाहिले जावे.

वर लिहिलेल्या चाचण्या मी वहीत चित्रांसह उतरवून ठेवल्या आहेत. शहरातील कोणत्याही रुग्णालयाने बोलावले तर तेथील सिस्टर व शस्त्रक्रियागृहातील मदतनीस (ओटी असिस्टंट) यांना त्या विनामूल्य करून दाखवायला मी येईन. येताना फक्त गॉज, एक सुई आणि पेन्सिलीचे रबर घेऊन येईन. हत्यारे त्यांचीच हवीत.

आपली नम्र,
एक निवृत्त शस्त्रक्रियागृह परिचारिका
दांडिया बाजार, बडोदे