तो सराव नव्हता

संपादक महोदय,

आपल्या क्रीडापानावर मध्यंतरी क्रॉस-कंट्री स्कीइंगचं, म्हणजे बर्फावरून स्कीवर चढ-उताराचे लांब पल्ले कापण्याच्या खेळाचं, एक छायाचित्र आलं होतं. रिकामा मार्ग, बर्फाने वाकलेली झाडं आणि एकटीच चाललेली एक मुलगी. खाली ओळ होती, ‘शर्यतीपूर्वी सराव करताना खेळाडू’. अकोल्याच्या माझ्या आत्याने ते कात्रण मला पाठवलं आणि विचारलं, “तूही हेच करायचीस ना गं?” हो, हेच. मुलीच्या अंगावरच्या बिबवर (खेळाडूचा क्रमांक लिहिलेल्या वरच्या कापडावर) क्रमांक नाही, ‘फोररनर’ असं लिहिलेलं स्पष्ट दिसतं. तो सराव नव्हता, म्हणून हे पत्र.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही कॅल्गरीला आलो. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकसाठी जवळच कॅनमोरला स्कीचे मार्ग बांधले होते, त्यांवरच मी शिकले. पुढे २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मी फोररनर होते, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून. क्रॉस-कंट्रीच्या शर्यती व्हँकुव्हर शहरात नव्हत्या, तर व्हिसलरजवळच्या कॅलाहान खोऱ्यात होत्या.

पहिला स्पर्धक सुटण्याआधी फोररनर तो मार्ग स्कीवरून पार करतात. क्लासिक प्रकारात स्की दोन समांतर खाचांतून चालतात. यंत्र आधी त्या खाचा पाडून ठेवतं, दोन ते पाच सेंटिमीटर खोल. नंतर बर्फ पडला की त्या बुजतात. अशा वेळी पहिल्या खेळाडूला भुसभुशीत बर्फातून वाट काढावी लागते आणि मागच्यांना ती तयार मिळते. जिथे ३० सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडतात, तिथे पहिल्यावर हा सरळ अन्याय आहे. म्हणून आम्ही एकामागून एक जायचं आणि खाचा उघड्या ठेवायच्या. बर्फ थांबला नाही तर पुन्हा जायचं.

तिथला बर्फ ओला आणि जड असायचा, तापमान शून्याच्या आसपास. स्कीला मेण जास्त लावलं की खाली बर्फाचे गोळे चिकटायचे, कमी लावलं की चढावर पाय मागे घसरायचा. एका सकाळी चढाच्या मध्यावर मी पडले आणि खाचेची कड ढासळली. पहिला स्पर्धक सुटायला थोडाच वेळ होता. गुडघ्यावर बसून हातांनी बर्फ दाबत ती कड पुन्हा उभी केली, तेव्हाची धडधड मला आजही आठवते. त्या ऑलिम्पिकमध्ये महिलांची ३० किलोमीटरची शर्यत पोलंडच्या युस्टिना कोवाल्चिकने नॉर्वेच्या मारित ब्योर्गेनच्या पुढे अवघ्या ०.३ सेकंदांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत नॉर्वेच्या पेटर नॉर्थुगने तेवढ्याच फरकाने जिंकली. एवढ्या लांबच्या शर्यतीत एवढा फरक, म्हणून कड ढासळून चालत नाही.

आमच्या दोन्ही घोट्यांना वेळ मोजणाऱ्या चिप बांधलेल्या असत. ठरलेल्या रेषा ओलांडताना घड्याळवाल्यांच्या पडद्यावर आमचा आकडा उमटला नाही, तर बिघाड आमच्या वेळी सापडतो, स्पर्धकाच्या वेळी नाही. आमची वेळ निकालात कुठेच येत नाही.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. १७ फेब्रुवारीला स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराच्या, शर्यतीआधी सराव करताना स्लोव्हेनियाची पेत्रा मायदिच एका वळणावर घसरली आणि मार्गाबाहेरच्या घळीत, सुमारे तीन मीटर खाली खडकांवर पडली. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तशाच अवस्थेत ती पात्रता फेरी, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरी धावली आणि कांस्यपदक घेऊन गेली. सगळ्या जगाने तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण त्या वळणावरून मी आधीच्या दिवसांत कितीदा तरी गेले होते. खाचा नीट आहेत का, बर्फ गोठलाय का, एवढंच पाहत गेले. कडेपलीकडे काय आहे, तिथे कुणी घसरलं तर कुठे जाईल, हे मला सुचलंच नाही. तेव्हापासून मी कुठल्याही मार्गावर गेले की प्रत्येक वळणाबाहेर आधी पाहते आणि आता ज्या मुलांना शिकवते त्यांनाही तेच पाहायला लावते.

त्याआधी दोन दिवस, १५ तारखेला, पुरुषांच्या १५ किलोमीटर शर्यतीत भारताचा ताशी लुंडुप होता. माझं काम संपलं होतं. मी चढाच्या कडेला उभी राहून मराठीतच ओरडत होते, “चल, चल, अजून थोडं!” त्याला कळलं नसेल. तो ८३वा आला. ज्या बर्फावरून तो गेला त्यावर सकाळी माझ्या स्की चालल्या होत्या, याचा आनंद मला कुठल्याही पदकाएवढा होता.

फोररनरला मराठीत काय म्हणावं, हे मी आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, श्रावणात गडावर जाताना तुझे मामंजी काठी घेऊन पुढे असायचे. ओलं गवत बाजूला सारायचे आणि कमरेपर्यंत भिजायचे. मागून येणारे आम्ही कोरडे. त्याला आम्ही ‘वाट मळणं’ म्हणायचो. मला ‘वाट मळणारी’ हा शब्द फार आवडला. आपल्याला तो छापण्याजोगा वाटला नाही, तर ‘फोररनर’च छापा. पण ‘सराव’ कृपया नको. आणि शक्य असेल तर त्या छायाचित्राखालची ओळ आपल्या दुरुस्तीच्या चौकटीत सुधारून द्यावी. आत्याला ते कात्रणही जपून ठेवायचं आहे.

आपली नम्र,
एक वाचक, कॅल्गरी, कॅनडा
(मूळ गाव अकोले, जि. अहिल्यानगर)