आरतीचं ताट डाव्या हातात

श्टुटगार्ट, २८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग ही पत्र कशाला लिहीत बसली असं तुम्हाला वाटेल. फोनवर मला हे बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. फोन लागला की आई विचारते, "जेवलीस का?" मी म्हणते, "हो." मी विचारते, "तब्येत बरी ना?" तुम्ही म्हणता, "एकदम ठणठणीत." मग कृष्णेचं पाणी किती चढलं, भाजी काय भावानं आहे, कुणाचं लग्न ठरलं, एवढं झालं की "ठेवू का?" पावणेदोन वर्षं आपलं हे असंच चाललंय.

गणेश चतुर्थीला तुमच्याकडे साडेबारा वाजले होते, इथं सकाळचे नऊ. ऑफिसातल्या एका रिकाम्या खोलीत दार लावून मी मोबाईलसमोर उभी होते. आई टाळ्या वाजवत होती, शेजारचे काका झांज वाजवत होते आणि बाबा, तुम्ही ताट ओवाळत होता. डाव्या हातानं. लहानपणी मी प्रसादाला डावा हात पुढं केला तर तुम्ही मला रांगेत पुन्हा मागं उभं केलं होतंत. ते बाबा गणपतीसमोर डाव्या हातानं आरती करतायत, हे बघून माझ्या पोटात गोळाच आला. आरती संपेपर्यंत मी तोंड हसरं ठेवलं. संध्याकाळी मावशीला फोन लावला, खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं: ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात न्हाणीत पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. तीन आठवडे मला पत्ता नाही. तीन आठवडे आई मोबाईल असा धरत होती की तुमचा फक्त चेहरा दिसावा.

मी चिडून बोलले त्या दिवशी, त्याबद्दल माफ करा. तुम्ही म्हणालात, "तू तिथं एकटी, उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?" त्यावर मला बोलता आलं नाही, कारण मीही तुमच्याशी तसंच वागलेय. आता सांगते.

२०२४ च्या फेब्रुवारीत, मी येऊन महिनाच झाला होता, तेव्हा चार दिवस मी फोन घेतला नाही. ऑफिसात चाचण्या चालू आहेत असा मेसेज केला होता. चाचण्या नव्हत्या. ताप होता. इथल्या थर्मामीटरवर ३९.४, म्हणजे आपल्याकडचा १०३. शनिवारी रात्री चढला आणि घरात एक गोळी नाही. इथं साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळते आणि रविवारी ती दुकानं बंद असतात, पाळीनं एखादं उघडं असतं. ते कुठलं हे शोधायचंही त्राण नव्हतं. रात्री डॉक्टरसाठी ११६११७ हा नंबर असतो, तोही मला तेव्हा माहीत नव्हता. पलंगावर पडून मी छताकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, बॅग भरायची आणि घरी जायचं. विमानाची तिकिटंसुद्धा बघून ठेवली होती. शेजारच्या खोलीत एक तुर्की मुलगी राहायची, तिला माझा खोकला ऐकू गेला असणार. तिनं दार वाजवलं, गोळ्या आणल्या, आणि दुपारी वाडगाभर मसूरडाळीचं सूप. वर तिखटाची तुपातली फोडणी. आई, ती आमटीच होती गं. पहिला घोट घेतला आणि मी रडले. तिनं काही विचारलं नाही, वाडगं घेऊन गेली आणि रात्री पुन्हा भरून आणलं.

एप्रिलमध्ये "छान फ्लॅट मिळाला" म्हणून फोटो पाठवले होते, त्यांत स्वयंपाकघराचा फोटो नव्हता. कारण स्वयंपाकघरच नव्हतं. इथं बरेच भाडेकरू जाताना ओटा, शेगडी, सिंक सगळं उचकटून घेऊन जातात, ते त्यांच्याच मालकीचं असतं. मला मिळाल्या त्या चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाईप आणि छताला लोंबणाऱ्या वायरी. पाच आठवडे मी बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली आणि एका विजेच्या शेगडीवर खिचडी केली. भाड्याशिवाय तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून दिलं होतं, त्यामुळे हात आखडला होता. शेवटी जुना ओटा विकत घेतला आणि ऑफिसातल्या दोघांनी एका शनिवारी येऊन बसवून दिला. आता तिथं तुझा खलबत्ता आहे, मिसळणाचा डबा आहे, खिडकीत कढीपत्त्याचं रोप आहे. थंडीत त्याची पानं गळतात, पण अजून तग धरून आहे.

हे सगळं आता सांगतेय, कारण आता ते मागं पडलंय. आणि मी रुळले म्हणते तेव्हा नुसतं तुमचं समाधान करत नाहीये, हे तुम्हाला पटावं म्हणूनही.

बाबा, तुम्ही विचारता कामाचं. नीट सांगते, तुम्हालाच ते सगळ्यांत जास्त कळेल. विजेच्या गाडीला इंजिनाची घरघर नसते. त्यामुळे डिझेलच्या गोंगाटात जे झाकून जायचं ते सगळं उघडं पडतं: गिअरच्या दातांची बारीक शीळ, बेअरिंगची कुरकुर. गिऱ्हाइकाला ती लगेच कानात खुपते. ती कुठून येते हे शोधायचं, हे माझं काम. एक खोली आहे, भिंतींवर स्पंजाचे पाचरीसारखे तुकडे बसवलेले, आत बोललं तर आपलाच आवाज कुणीतरी गिळल्यासारखा वाटतो. तिथं गिअरबॉक्स फिरवायचा, चहूबाजूंनी मायक्रोफोन आणि कंप मोजणारे सेन्सर लावायचे आणि पडद्यावर आलेख बघायचा. गेल्या नोव्हेंबरात एका नमुन्याचा आलेख सगळा मर्यादेत होता, पण हेडफोनमध्ये मला मधूनच काहीतरी खरखरलं. मी म्हणाले, बेअरिंग बघू या. वरिष्ठ म्हणाले, आकडे ठीक आहेत. मी पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर खसखशीएवढा खड्डा.

त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? मी सांगितलं, सांगलीच्या एसटी वर्कशॉपमध्ये. मग खरं काय ते सांगितलं: शाळा सुटल्यावर डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला टेकवून मूठ कानाला लावायचात आणि मग मला लावायला द्यायचात. "काय ऐकू येतंय?" विचारायचात. मी काहीही सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "पुन्हा ऐक." पुण्याला चार वर्षांत जे शिकले त्याला मोल आहेच, पण त्या दिवशी कामी आलं ते हे. तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. फोनवर नुसतं "काम बरं चाललंय" म्हणून मी विषय संपवला.

इथले लोक शब्दांनी फार काटकसरी. श्वाबेन म्हणतात या भागाला. त्यांच्यात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की, रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. बाबा, ती ऐकली तेव्हा मला तुम्हीच आठवलात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ८१ वर्षांच्या एक बाई राहतात. इथं 'केअरवोखे' म्हणून प्रकार आहे, झाडण्याचा आठवडा. भाडेकरूंनी पाळीपाळीनं जिना पुसायचा, कचऱ्याचे डबे ठेवायचे, समोरची पायवाट झाडायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी सडा घातल्यासारखं पाणी ओतलं आणि लाकडी पायऱ्यांवर डाग पडले. त्या बाई वर आल्या, काही बोलल्या नाहीत, फडकं कसं पिळायचं ते करून दाखवलं आणि गेल्या. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत, तर त्यांची पाळीही मीच करते. त्या दर वेळी दारात सफरचंदाच्या केकचा तुकडा झाकून ठेवतात. त्यांचा मुलगा हँबुर्गला असतो. फोन आला की त्या म्हणतात, "सगळं ठीक आहे." मला भिंतीआडून ऐकू येतं. त्या दिवशी सकाळीच त्या जिन्यात बसून दम खात होत्या.

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेली जर्मन इथं बसमध्येसुद्धा पुरत नव्हती, इतकी यांची बोली वेगळी. पण आता जमतं. आई, तुला एक गोष्ट सांगायची राहिली. श्टुटगार्ट हे डोंगरांच्या खळग्यात वसलेलं शहर आहे आणि त्या डोंगरउतारांवर, अगदी वस्तीला लागून, द्राक्षबागा आहेत. सध्या तोडणी चालू आहे. आपल्या तासगावला जानेवारी-फेब्रुवारीत असते तशी. मांडव नाहीत, तारांवर चढवलेल्या उभ्या रांगा, आणि उतार असा की माणसं दोरीला धरल्यासारखी वाकून चालतात. गेल्या रविवारी फिरायला गेले तर एक म्हातारे गृहस्थ कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये टाकत होते. मी थांबले आणि विचारलं, यंदा रोग कितपत? ते चमकून बघायला लागले. यांच्या भाषेत भुरीला 'खरा मेलटाऊ' म्हणतात आणि दावण्याला 'खोटा मेलटाऊ'. मी सांगितलं की माझ्या आजोबांची बाग होती, दावण्यानं एका रात्रीत पानं तेलकट झालेली मी पाहिलीयत. मग ते अर्धा तास बोलत होते. पावसाचं, फवारणीचं, भावाचं. निघताना एक घड हातावर ठेवला. काळी, लहान, जाड सालीची द्राक्षं, आपल्या सोनाकाच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण घरी येईपर्यंत मी ती एकेक करून खाल्ली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला या गावात आपण पाहुणे आहोत असं वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. या महिन्यात मला इथं २१ महिने पूर्ण झाले. माझ्या प्रकारच्या परवान्यावर २१ महिने पेन्शनचे पैसे भरले आणि जर्मनची बी-वन परीक्षा झाली असेल, तर कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परीक्षा मी जूनमध्ये पास झाले. अर्ज मी भरणार आहे.

आईचा चेहरा मला आत्ता दिसतोय. म्हणून आधी हे वाच: माझा पासपोर्ट भारताचाच राहतो, नागरिकत्वाला धक्का लागत नाही. आजचा माझा परवाना नोकरीला बांधलेला आहे. गाड्यांच्या धंद्यात इथं मंदी आहे, आसपासच्या मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी जागा कमी करायचं जाहीर केलंय. उद्या माझी नोकरी गेली तर थोड्या महिन्यांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, अशी वेळ येऊ शकते. कायमचा परवाना असला की ती टांगती तलवार जाते. बाबा, तुम्ही विचारलं होतंत, पगारातून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापतात ते कशाला. त्यात कर आहे, आजारपणाचा विमा आहे आणि पेन्शन आहे. पाच वर्षं भरलं तर म्हातारपणी ती पेन्शन सांगलीत बसूनही मिळते, तसा भारताशी करार आहे.

मी परत येणार का? आज मला माहीत नाही, आणि "येणार, येणार" असं म्हणून तुम्हाला आशेवर ठेवणं मला पाप वाटतं. काम मला मनापासून आवडतं. तुम्ही दोघं तिथं म्हातारे होताय आणि मी इथं आहे, हे मला रोज टोचतं. दोन्ही खरं आहे.

म्हणून माझं एक मागणं आहे. यापुढं पडझड, ताप, बीपी, डॉक्टरकडची फेरी, जे असेल ते मला त्याच दिवशी सांगायचं. तिकिटाचे पैसे मी वेगळ्या खात्यात काढून ठेवलेत, त्यांना हात लावत नाही. फ्रँकफुर्टहून मुंबई साडेआठ तास, पुढं गाडीनं आठ-नऊ तास. निघाले की दिवसाभरात मी दारात उभी असेन. पण कळलंच नाही तर निघणार कशी? मीही लपवणार नाही. ताप आला तर ताप सांगेन. डॉक्टरांचा, मेडिकलवाल्यांचा आणि शेजारच्या काकांचा नंबर मला पाठवा. न्हाणीत आणि संडासात धरायला दांडे बसवायला सुतारमामांना सांगितलंय, ते या आठवड्यात येतील. बाबा, "नको" म्हणू नका.

आणि मे महिन्यात तुम्ही दोघं इकडं या. तेव्हा रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. नव्वद दिवसांपर्यंत राहता येतं. हमीपत्र आणि विमा मी इथून करते, तुम्हाला फक्त बोटांचे ठसे द्यायला जायचंय. तोवर मनगट बरं व्हायला पाहिजे.

घट बसले असतील. आईचे उपवास चालू असतील, तर शेंगदाण्याच्या लाडवांवर भागवू नकोस, दूध घे.

एक लक्षात ठेवा. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागं जातात. तेव्हापासून आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर. रविवारचा फोन तुमच्याकडे साडेआठलाच, मी इथं चार वाजता बसेन. आईनं मोबाईल लांब धरायचा, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला तरी चालेल. आधी बाबांनी उजवा हात पुढं करायचा. मूठ पूर्ण मिटते का, ते मला बघायचंय.

तुमची,
चिमी