साहेब, माझी साखर ॲपला कळली, माणसाला नाही

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझं सिझर झालं. मुलगा झाला, वजन सव्वाचार किलो. आमच्याकडे एवढं बाळ झालं की बायका म्हणतात, गुटगुटीत आहे गं, दृष्ट काढ. दृष्ट काढायला बाळ हातात तरी यायला हवं ना. जन्मल्यावर थोड्याच वेळात त्याची साखर ३१ वर आली आणि त्याला पेटीत ठेवून सलाइन लावलं. आता तो बरा आहे, रात्रभर आम्हाला जागवतो. पण जे झालं ते टाळता येण्यासारखं होतं. ते का टळलं नाही, एवढंच तुमच्या कानावर घालायचं आहे.

सातवा लागायच्या सुमारास एका सरकारी रुग्णालयात मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की साखर १४० किंवा त्याच्या वर आली तर तो गर्भारपणातला मधुमेह. माझी १७२ आली. इथपर्यंत सगळं नियमानं झालं. त्याबद्दल मनापासून आभार. ते आत्ताच मानून घेते, पुढे जागा मिळेल असं वाटत नाही.

त्याच सूचनांत पुढे लिहिलंय की दोन आठवडे आहार सांभाळून बघायचा, आणि जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल तर गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करायचं. आता हे बघायचं कोणी? तर ओपीडीच्या भिंतीवर एक क्यूआर कोड होता. सिस्टरांनी माझ्या नवऱ्याच्या फोनवर ॲप उतरवून दिलं. म्हणाल्या, "ताई, आता हेलपाटे घालू नका. यात आकडे भरत जा, डॉक्टर तिकडून बघतात. काही वाटलं तर फोन येईल."

मी आकडे भरले. उपाशीपोटी १०८, ११२. नाश्त्यानंतर १६८. रात्रीच्या जेवणानंतर १८१. १८१ भरल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि अक्षरं आली: "शाब्बास! आठवड्याच्या सर्व नोंदी पूर्ण." सोबत एक सोनेरी पदक. साखर वाढल्याबद्दल पदक मिळालेली महाराष्ट्रातली मी पहिलीच बाई असेन, नाही का? फोन मात्र कुणाचा आला नाही. नऊ तारखेला, म्हणजे तुमच्या त्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, गर्दीत उभं राहून मी तोच फोन डॉक्टरबाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडे दिसत नाही हो, ते कंपनीकडे जातं." इन्सुलिन सुरू झालं ते त्यानंतर, आणि तोवर पोटातल्या बाळाने व्हायचं तेवढं वजन करून घेतलं होतं.

कारण समजून घ्या, साहेब, मलाही ते पेटीपाशी उभी असताना एका डॉक्टरांनी समजावलं. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाला जाते. बाळाचं स्वादुपिंड ती जिरवायला भराभर इन्सुलिन करतं, त्याने बाळ फुगतं. नाळ कापली की साखर बंद होते, पण इन्सुलिन चालूच राहतं. म्हणून त्याची साखर कोसळते.

माझा नवरा साखर कारखान्यात आहे. गळीत हंगामात आमच्या जिल्ह्यात किती टन ऊस गाळला, किती पोती निघाली, उतारा किती पडला, हे दोन दशांशांपर्यंत पेपरात येतं. त्या साखरेसाठी पुण्यात अख्खं आयुक्तालय आहे. माझ्या साखरेकडे बघायला एक नर्स नव्हती.

मी ॲपच्या विरोधात नाही, हे नीट वाचावं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी गर्भारपणातल्या मधुमेहासाठी असंच ॲप केलं. तिथे मीटरमधला आकडा ब्लूटूथने आपोआप फोनमध्ये जातो आणि पलीकडे शिकलेल्या सुईणी ते आकडे बघून बाईला कळवतात. २०१८ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. साखर नेहमीच्या पद्धतीइतकीच आटोक्यात राहिली, पण ॲपवाल्या बायका जास्त समाधानी होत्या आणि त्यांची सिझरही कमी झाली. तिथे फोनच्या पलीकडे माणूस होता. आपण फोन तेवढा घेतला.

आणि आहाराचं काय सांगू? त्या ॲपमध्ये ओट्स आहेत, किनवा आहे, अॅव्होकाडो टोस्ट आहे. ज्वारीची भाकरी नाही. शोधत गेलं की "मिलेट ब्रेड, १ स्लाइस" निघतो. आमच्या घरातली एक भाकरी म्हणजे असे किती स्लाइस, ते मला अजून कळलेलं नाही. पिठलं नाही, हुलग्याचं माडगं नाही, शेंगाची चटणी नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "त्या फोनने आज काय खायला सांगितलंय?" मग दोघी मिळून भाकरीच खायचो.

पट्ट्यांचा हिशेब वेगळाच. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांची. महिन्याला अडीच-तीन हजार. मी पतसंस्थेत कारकून आहे, पगार नऊ हजार. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात गरोदर बाईला औषधं आणि तपासण्या फुकट असं लिहिलंय. पट्ट्या त्यात बसतात की नाही, असं खिडकीवर विचारलं तर खिडकीने दुसरी खिडकी दाखवली. राज्यात वर्षाला अठरा-एक लाख बाळंतपणं होतात, त्यात दहातल्या एकीला हा त्रास धरला तरी पावणेदोन-दोन लाख बायका होतात. हिशेब पतसंस्थेच्या कॅल्क्युलेटरवरचा आहे. चुकला असेल तर तुमच्या खात्याने दुरुस्त करावा, म्हणजे निदान कुणीतरी मोजलं असं तरी होईल.

खरं तर हे दुखणं एकट्या माझ्या साखरेचं नाही. काहीही मागितलं की आता सरकार ॲप देतं. शेतकऱ्याला पीक पाहणीचं ॲप. अंगणवाडीच्या ताईंना पोषण ट्रॅकर. २०२१ मध्ये त्यांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले होते, आठवतंय ना? लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायची तर नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या तीनातल्या दोन बायकांनी इंटरनेट कधी वापरलंच नव्हतं. आकडा सरकारचाच आहे. जागा भरायच्या नाहीत, आशाताईंचे पैसे वेळेवर द्यायचे नाहीत, एका सिस्टरकडे तीन वॉर्ड द्यायचे, आणि भिंतीवर क्यूआर कोड चिकटवून फीत कापायची. फोटोत भिंत छान येते. आणि माझं उपाशीपोटीचं रक्त, माझं वजन, माझी पाळीची तारीख कोणत्या कंपनीच्या कपाटात पडली आहे, ते तुम्हाला तरी माहीत आहे का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. मला गेल्या आठवड्यात डायपरच्या जाहिराती यायला लागल्या. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मागणं फार नाही. ॲपमध्ये ठरलेल्या मर्यादेपुढचा आकडा पडला तर दुसऱ्या दिवसाच्या आत एका नर्सचा फोन यावा, आणि तो केला की नाही हे तिच्या वरच्याला दिसावं. पट्ट्या फुकट मिळाव्यात. भाकरी भाकरी म्हणूनच दिसावी आणि मराठीत ऐकू यावं, कारण आमच्या वॉर्डातल्या दोघींना वाचता येत नव्हतं. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी जी तपासणी परत करायची असते, तिची आठवण कुणीतरी द्यावी. हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह व्हायचा धोका सातपटीहून जास्त असतो म्हणतात. माझी तारीख जवळ आली. ॲप गप्प आहे. बाळंतपणाची तारीख उलटली त्या दिवशी त्याने "अभिनंदन, तुमचा प्रवास पूर्ण झाला" म्हणून सांगितलं आणि खातं बंद केलं. आकडे घेऊन.

उत्तर द्यायचं असेल तर पोस्टाने पाठवावं. नवरा दुसऱ्या पाळीला जातो आणि फोन त्याच्याबरोबर असतो.

आपली,
एक बाळंतीण, सोलापूर जिल्हा