सायलीस: पाकिटामागची बेरीज

गारगोटी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुला आठवड्याला एक ६०,००० युनिटची डी३ (ड जीवनसत्त्वाची) कॅप्सूल लिहून दिली आहे, आणि मल्टिव्हिटॅमिन तू आधीपासून घेतेसच. दोन्ही बरोबर चालेल का, असं विचारलंस. चालेल, पण पाकिटांची मागची बाजू वाचून बेरीज केल्यावरच.

डी फक्त त्या कॅप्सूलमधून येत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते असतं, आणि कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांतही २५० किंवा ५०० युनिट घातलेलं असतं. कॉड लिव्हर ऑइल घेत असशील तर तेही मोज. काही पाकिटांवर आकडा आय.यू.मध्ये, म्हणजे युनिटमध्ये, असतो, काहींवर मायक्रोग्रॅममध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. नुसता २५ आकडा किरकोळ दिसतो, पण २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० युनिट झालं. तो आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हेही बघ.

मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सगळं मिळून ४००० च्या वर जायचं नाही. मल्टिव्हिटॅमिनचं ४००, कॅल्शियमच्या गोळीतलं ५०० आणि वेगळी रोजची डी३ १००० धरली, तरी १९०० होतं. त्यात भीती नाही. आठवड्याच्या ६०,००० चा हिशेब मात्र रोजी साडेआठ हजारांच्या पुढे जातो. म्हणून ते औषध समजायचं. साधारण ८ आठवड्यांचा कोर्स असतो, पुढचं डॉक्टर सांगतील. तो चालू असताना मल्टिव्हिटॅमिनमधल्या ४०० नी फरक पडत नाही, पण रोजची वेगळी डी३ बाजूला ठेव. डीचं इंजेक्शन कधी घेतलं असशील तर तेही डॉक्टरांना सांग.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आठवड्याची कॅप्सूल रोज घेण्यात. दहा दिवसांत सहा लाख युनिट पोटात जातं. बी किंवा सी जादा झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी तसं जात नाही. ते चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं. त्याच्यामुळे आतडं जास्त कॅल्शियम ओढतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि भार मूत्रपिंडावर येतो. खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून जाणं असं काही जाणवलं तर डी आणि कॅल्शियमच्या सगळ्या गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे जा. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासावं लागेल. मुतखडा झालेल्या माणसानं तर सुरुवात करण्याआधीच विचारावं.

म्हणून आठवड्याची कॅप्सूल रोजच्या डब्यात ठेवूच नकोस. कालनिर्णयावर रविवारी खूण कर आणि दुपारच्या जेवणावर घे. डी तेला-तुपाबरोबर नीट शोषलं जातं. मेसमध्ये रविवारी तांबडा-पांढरा असतो, त्याहून चांगली वेळ कुठली? उपवास असेल तर पूर्ण साईच्या म्हशीच्या दुधाबरोबर घे. एखादा रविवार चुकला तर आठवेल तेव्हा एकच घे आणि तिथून सात दिवस मोज. दोन एकदम कधीच नाहीत.

डी वाढवायचं म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या दोन गोळ्या घेऊ नकोस. त्यात अ जीवनसत्त्वही दुप्पट होतं. रेटिनॉल रूपातल्या अ ची दिवसाची मर्यादा १०,००० युनिट आहे. एका गोळीत ५००० असेल तर दोन गोळ्यांतच ती गाठली. पुढे दिवस राहायचा विचार केलास तर हे आधी डॉक्टरांना दाखव, कारण जादा अ नं गर्भाला धोका असतो.

आता थायरॉइडच्या गोळीचं, तू नेमकं हेच विसरशील. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियम, लोह किंवा खनिजं असलेलं मल्टिव्हिटॅमिन त्यानंतर किमान ४ तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतो. मल्टिव्हिटॅमिन दुपारी जेवणावर, कॅल्शियम रात्री जेवणावर. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, आणि लोहावर लगेच चहा तर नकोच. थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस मल्टिव्हिटॅमिन बंद ठेव. त्यात बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) असेल तर आकडे चुकीचे येऊ शकतात.

डीची रक्ततपासणी तीन महिन्यांनी कर, त्याआधी केलीस तर पातळी स्थिरावलेली नसते. रक्ताच्या दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, १०० च्या वर जादा.

गोकुळ शिरगावच्या त्या बंद शेडमध्ये दिवस जातो, त्यामुळे ऊन मिळत नाही हे कळतं. काचेतून आलेलं ऊन डीच्या कामाचं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाही वर करून थोडा वेळ बाहेर बस.

तिन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून पाठव. बेरीज मी करते.

तुझी
आई